चढ-उताराचे रस्ते आणि किनाऱ्यावरची गावं : रोड सायकलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंच डोंगर नाही आणि सलग सपाटीही नाही. दर पाच-सात मिनिटांनी एक टेकडी, मग अचानक समुद्र, वारा, वाळू आणि अरुंद गल्ल्या. अशा रस्त्यावर महागात पडणाऱ्या चुका बहुतेक उशिराच्या असतात. गिअर उशिरा बदलला, ब्रेक उशिरा लावला, खाणं उशिरा झालं, सायकल धुवायची राहून गेली. खालचे आकडे स्वार ७५ किलो आणि सामानासह सायकल १० किलो, असं ८५ किलो धरून दिले आहेत. आपल्या वजनाप्रमाणे ते कमी-जास्त करून घ्यावेत.

नकाशावर एकही मोठा चढ दिसत नाही. तरी अशा रस्त्यावरचे ८० किमी सपाट ८० किमीपेक्षा इतके जड का जातात?

कारण चढ सुटेसुटे दिसतात, पण पायांना ते एकत्रच मोजावे लागतात. २५ मीटर उंचीच्या चाळीस टेकड्या म्हणजे १००० मीटर चढाई. ८५ किलो तेवढं वर न्यायला सुमारे ८३० किलोज्यूल काम लागतं. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, म्हणून फक्त चढाईपायी ८०० किलोकॅलरींच्या आसपास खर्च होतात.

उतारावर ही मेहनत परत मिळेल असं वाटतं, पण पुरती मिळत नाही. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि उरलेलं वळणाआधीच्या ब्रेकमध्ये जातं. वेळेचा हिशेबही असाच आहे. एक किमी चढ ताशी १२ ने केला तर ५ मिनिटं, तोच उतार ताशी ४० ने केला तर दीड मिनिट. दोन किमीला साडेसहा मिनिटं, म्हणजे सरासरी ताशी साडेअठरा. म्हणून या रस्त्यांवर सरासरी वेगाकडे पाहून स्वतःला रागावण्यात अर्थ नाही.

व्यावसायिक स्पर्धांतही हेच दिसतं. १९०७ पासून होणारी इटलीतली मिलान–सान रेमो ही शर्यत जवळजवळ ३०० किमीची असते आणि तिचा शेवट समुद्राकाठच्या टेकड्यांवर ठरतो. १९६० मध्ये मार्गात आलेला पोज्जो हा चढ ३.७ किमीचा आणि सरासरी चार टक्क्यांहूनही सौम्य आहे. ताज्या पायांना तो काहीच नाही. २८० किमीनंतर मात्र तिथेच गट फुटतो.

छोट्या चढावर जोर किती लावायचा?

या भूभागात सर्वांत जास्त शक्ती वाया जाते ती इथे. चढ समोर दिसला की पाय आपोआप जोरात चालतात. पहिल्या शंभर मीटरमध्ये श्वास फुलतो, मध्यावर वेग पडतो आणि माथ्यावर पोचताच माणूस पॅडल मारणं सोडून देतो. नेमकं याच्या उलट करायला हवं.

चढाच्या पायथ्याशी उतारावरून आलेला वेग जपावा. मोठ्या चेनरिंगवरच (पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावरच) आत शिरावं आणि पॅडलची गती मिनिटाला ८० च्या खाली घसरू लागली की मागचे गिअर एकेक करून हलके करावेत. चढाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात श्वास असा असावा की एक छोटं वाक्य न थांबता बोलता येईल. माथ्याच्या आधीचे पन्नास मीटर आणि माथ्यानंतरचे वीस-तीस फेरे इथे मात्र जोर ठेवावा. तिथे वेग कमी असतो, हवेचा विरोध नगण्य असतो, त्यामुळे लावलेला जोर जवळपास सगळा वेगात उतरतो. सायकल ताशी २५-३० ला लागली की अंग आखडून घ्यावं आणि पायांना विश्रांती द्यावी. उतारावर ताशी ४५ च्या पुढे पॅडल मारून मिळतं थोडं, जातं फार.

पॉवर मीटर (पायांची शक्ती वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर साधा नियम असा: लांब फेरीत कोणत्याही चढावर तासभर टिकेल अशा शक्तीच्या वर फार वेळ जाऊ नये. दोन-तीन वेळा ते चालून जातं. वीस वेळा केलं की शेवटचे २० किमी रडतखडत होतात.

गिअर कोणते हवेत?

सर्वांत हलका गिअर आधी ठरवा, सर्वांत जड गिअरची चिंता नको. पुढे ५० आणि ३४ दातांच्या रिंग (५०/३४) आणि मागे ११ ते ३४ दातांची चक्रं (११-३४) असतील तर ३४ ला ३४, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. २८ मिमी टायरवर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी ७.७ किमी वेग मिळतो आणि १० टक्के चढावर त्याला सुमारे १९० वॅट लागतात. पुढे ५२/३६ आणि मागे ११-३० असेल तर त्याच ६० फेऱ्यांना ताशी ९.२ वेग होतो आणि सुमारे २३० वॅट लागतात. ते देता येत नसतील तर फेरे ५० च्या खाली जातात आणि भार गुडघ्यांवर येतो. किनाऱ्यावरच्या गावातून वर निघणारे रस्ते लांब नसले तरी तीव्र असतात. १२ ते १५ टक्क्यांचा दोनशे मीटरचा तुकडा तिथे नेहमीचाच.

मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवण्याआधी मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची, क्षमता पाहा. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३४ दात घेत नाही. कॅसेट मोठी झाली की चेनही नव्याने मोजून घ्यावी लागते. जुनी आखूड चेन पुढची मोठी रिंग आणि मागचा मोठा दाता (कॅसेटचं मोठं चक्र) अशी चढली तर डिरेलर मोडू शकतो.

चढावर पुढचा गिअर बदलताना चेन पडते. का?

भार असताना बदलल्यामुळे. ताणलेली चेन मोठ्या रिंगवरून सुटते ती झटक्याने, आणि लहान रिंग ओलांडून आत फ्रेमवर पडते. चढ तीव्र होण्याआधीच बदलावं. एक फेरा जरा जोरात मारून वेग घ्यावा, पुढचा अर्धा फेरा पाय हलका ठेवावा आणि त्या क्षणी लिव्हर दाबावा. ५० वरून ३४ वर आल्यावर पाय एकदम मोकळे फिरतात, म्हणून त्याच वेळी मागे दोन गिअर जड करावेत.

हलक्या पायानेही चेन पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा आतला मर्यादा स्क्रू पाहा. लहान रिंग आणि मागचा सर्वांत मोठा दाता अशी जोडी लावल्यावर चेन आणि पिंजऱ्याची आतली पट्टी यांत अर्धा मिलिमीटरपर्यंतच फट असावी. चेन पडलीच तर थांबण्याआधी एक उपाय करून पाहावा. पुढचा लिव्हर मोठ्या रिंगकडे दाबून पॅडल अगदी हळू फिरवावं. पुष्कळदा चेन आपणच वर चढते. काही अडकल्यासारखं वाटलं तर लगेच पाय थांबवावा. जोर लावला की कार्बन फ्रेमवर चरा पडतो.

उभं राहून पॅडल मारावं का?

बसून चढणं स्वस्त पडतं, उभं राहणं थोड्या वेळासाठी. उठण्याआधी मागचा गिअर एक-दोन टप्पे जड करावा, नाहीतर पाय रिकामा जातो. उठण्याची वेळ पाय खाली जोर देत असतानाची असावी. तसं केलं नाही तर सायकल क्षणभर मागे सरकते आणि मागच्या स्वाराचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागतं. पडतो तो बहुतेक मागचाच.

उतारावर आणि वळणावर नेमकं काय करायचं?

हात ड्रॉपवर, म्हणजे हॅण्डलच्या खालच्या वळलेल्या भागावर. तिथून ब्रेक दोन बोटांत पुरेसा दाबता येतो आणि खड्ड्यात हात सुटत नाही. ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना. वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्यावर अंगाचा भार, आतल्या हाताने हॅण्डलवर हलका दाब, नजर वळण संपतं तिथे. डोळे कठड्याकडे गेले की सायकलही तिकडेच जाते.

कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. ओल्या रस्त्यावर, वाळूवर किंवा खडीवर तोच पुढचं चाक घसरवतो, म्हणून तिथे आधीच वेग उतरवून ठेवावा. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये. दोन सेकंद घट्ट, मग सोडा. ही मधली मोकळीक डिस्क आणि रिम दोन्ही थंड करते. कार्बन रिमवर रिम ब्रेक असेल तर हे अधिकच पाळावं, कारण सततच्या घर्षणाने रिम तापून खराब होऊ शकते.

शेतातून जाणाऱ्या रस्त्यावर वळणाच्या आतल्या कडेला खडी आणि माती साचते, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल फाटकासमोर पडलेला असतो. माथ्यापलीकडचं दिसत नसेल तर तिथे गुरं उभी आहेत असं धरूनच जावं.

वाऱ्याचं नियोजन कसं करायचं?

किनाऱ्याजवळ स्वच्छ हवेच्या दिवशी वाऱ्याला वेळापत्रक असतं. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून खारे वारे येतात. सकाळी उशिरा ते सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. रात्री आणि पहाटे उलटे मतलई वारे वाहतात, पण ते मंद असतात. म्हणजे किनाऱ्याकडे जायचं असेल तर सकाळी लवकर जावं आणि दुपारी खारे वारे पाठीशी घेऊन परतावं. मोठी हवामान प्रणाली आली की हे वेळापत्रक मोडतं, म्हणून आदल्या रात्रीचा अंदाज पाहावाच.

समोरचा वारा किती खातो ते पाहा. ताशी २५ ने जाताना समोरून १५ चा वारा असेल तर अंगाला ४० ची हवा लागते. विरोध अडीच पटीहून जास्त होतो. अशा वेळी वेगाचा नाद सोडून द्यावा, श्वासाची लय तीच ठेवावी, कोपरं वाकवून छाती खाली घ्यावी. पाठचा वारा हा तोटा भरून काढत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात माणूस जास्त वेळ असतो. जाताना २० किमीला एक तास आणि येताना ताशी ३२ ने साडेसदतीस मिनिटं, तर सरासरी २६ येत नाही, जेमतेम साडेचोवीस येते.

आडव्या वाऱ्यात सायकल हलते. धोका कधी समजायचा?

सतत वाहणाऱ्या वाऱ्याशी जुळवून घेता येतं. घात करतो तो मध्येच सुटणारा झोत. घरांची रांग संपते, कुंपण तुटतं, रस्ता टेकडीच्या आडोशातून उघड्या कड्यावर येतो, ट्रक बाजूने जाऊन वारा क्षणभर अडवतो आणि मग सोडतो. अशा जागा आधी ओळखून हॅण्डल सैल पण पुरतं धरावं, कोपरं मोकळी ठेवावीत, रस्त्याच्या कडेपासून अर्धा-पाऊण मीटर जास्त अंतर घ्यावं. घट्ट आवळलेले हात प्रत्येक झोत थेट चाकाला पोचवतात.

पुढचं चाक उथळ रिमचं असणं इथे फार मोलाचं. मागे ५० मिमीची रिम चालते, पुढे तीच रिम हॅण्डल फिरवते. वारा ताशी ४० च्या पुढे गेला तर किनाऱ्याचा उघडा रस्ता टाळावा. २०१५ च्या बेल्जियममधल्या गेंट–वेवेलगेम शर्यतीत गेरेंट थॉमससारख्या कसलेल्या स्वाराला वाऱ्याने रस्त्याबाहेर खंदकात फेकलं होतं.

टायर किती रुंद, हवा किती?

२८ मिमी सर्वांत सोयीचा, खडबडीत गावरस्ते जास्त असतील तर ३२. ८५ किलो एकूण वजनाला २८ मिमीवर पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी. ३२ वर ५० आणि ५५. ओल्या रस्त्यावर पाचेक पीएसआय कमी. टायर धरणारी आतली कड (हुक) नसलेल्या रिमवर ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, ही कमाल मर्यादा आहे. त्यावर जास्त हवा भरली तर टायर रिम सोडून उडू शकतो. टायर आणि रिम दोन्हींवर छापलेल्या मर्यादांपैकी कमी असेल ती पाळावी.

कठीण टायर वेगवान वाटतो कारण तो थरथरतो. ती थरथर म्हणजे वाया गेलेली शक्तीच.

पंक्चर काढलं, नवी ट्यूब टाकली, दहा मिनिटांत परत बसलं. काय चुकलं?

काटा टायरमध्येच राहिला. चाक काढण्याआधी चेन मागच्या सर्वांत लहान दात्यावर आणावी. टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर काढावी आणि व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवावं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधावं, मग ट्यूब टायरला लावून भोकासमोरची जागा हेरावी. तिथे टायर बाहेरून आत दुमडावा. सरळ धरल्यावर न दिसणारं काचेचं टोक किंवा तारेचा केसाएवढा तुकडा दुमडल्यावर चीर उघडून वर येतो. बोटाने चाचपताना हळू, हातमोजा किंवा कापड फिरवलं तर धागा अडकून जागा सापडते.

एकमेकांशेजारी दोन भोकं असतील तर काटा शोधू नका. ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चिमटली गेली आहे, म्हणजे हवा कमी होती. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचं भोक उघडं पडलं आहे.

नवी ट्यूब गोल होईल इतकी हवा भरून आत बसवावी. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावा. शेवटी व्हॉल्व्ह वर ढकलून दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते पाहावं. १६ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कुपी २८ मिमीला एका झटक्यात भरते, पण हा वायू ब्यूटाइल (नेहमीच्या काळ्या रबराच्या) ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी आल्यावर तो सोडून पंपाने हवा भरावी. सोबत एक पंपही असावा. कुपी चुकली तर दुसरी संधी मिळत नाही.

खाणं-पिणं कधी आणि किती?

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सुरुवात, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं. दोन तासांहून लांब फेरीला ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं हे चांगलं लक्ष्य आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून घेतलं आणि पोटाला सवय केली तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. चढावर चघळणं जमत नाही, म्हणून सपाटीवर किंवा सौम्य उतारावर खावं.

पाणी ताशी ५०० ते ७५० मिलि, उकाड्यात जास्त. समुद्रावरच्या वाऱ्याने घाम लगेच वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावतो ते कळत नाही. जर्सीवर पांढरे पट्टे उमटले तर घामातून मीठही बरंच जातंय. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅम मीठ टाकलं तर सुमारे ६०० मिग्रॅ सोडियम मिळतं. चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहणं हेही धोक्याचं. रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ आणि पुढे गोंधळ उडतो.

किनाऱ्यावरच्या गावात शिरताना कशाची काळजी घ्यायची?

वाळूची. वाऱ्याने रस्त्यावर आलेली वाळू पातळ थरात दिसतच नाही. दिसली तर ब्रेक नाही, वळण नाही, सरळ जाऊ द्यावं. धक्क्यावरच्या ओल्या फळ्या, शेवाळलेले दगड आणि रंगाचे पट्टे यांवरही तसंच. बंदराजवळचे रेल्वेरूळ काटकोनात ओलांडावेत. चाक रुळाच्या खाचेत गेलं की हॅण्डल उरतच नाही. उभ्या गाड्यांपासून दीड मीटर दूर राहावं, दार उघडतं तेव्हा वेळ मिळत नाही.

क्लीटचा (बुटाच्या तळाला लावलेल्या, पॅडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचा) पाय गर्दीच्या वीस मीटर आधीच सोडवून ठेवावा. पुळणीवर चाललात तर क्लीटमध्ये वाळू भरते आणि पाय पॅडलला अडकत नाही, किंवा अडकून सुटत नाही. दुसरं जास्त वाईट. सायकलवर बसण्याआधी बूट झटकून बाटलीतलं थोडं पाणी ओतावं.

भरतीत बुडणारे रस्ते पार करता येतात का?

ओहोटीच्या वेळा पाहूनच. फ्रान्समधला पासाज द्यू ग्वा हा चार किमीहून लांब रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. १९९९ च्या तूर द फ्रान्सच्या दुसऱ्या टप्प्यात त्याच्या निसरड्या पृष्ठभागावर मोठी पडझड झाली आणि आलेक्स झ्युलेचे सहा मिनिटांहून जास्त गेले. पाणी ओसरल्यावरही असा रस्ता शेवाळाने गुळगुळीत असतो. रुळलेल्या मधल्या भागातून, ब्रेकला हात न लावता जावं. नंतर त्याच दिवशी सायकल धुवावी.

समुद्राच्या मिठाने काय होतं? धुवायचं कसं?

मीठ ओलावा धरून ठेवतं आणि दोन वेगळ्या धातूंमध्ये विजेचा मार्ग तयार करतं. अॅल्युमिनियम आणि स्टील जिथे भेटतात तिथे अॅल्युमिनियम झिजतं. आरे रिमला घट्ट करणाऱ्या निपलभोवती पांढरी भुकटी, केबलच्या टोकापाशी रंगाला आलेला फोड, दुसऱ्या दिवशी सकाळी चेनच्या आतल्या पट्ट्यांवर नारिंगी रेघ, ही पहिली लक्षणं.

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवावं. जोराचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढून पाणी आत ढकलतो. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग कापडाने कोरडं. चेन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल, पॅडल उलटं फिरवत. रात्रभर मुरू द्यावं आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून टाकावं. वर राहिलेलं तेल वाळू पकडतं आणि चेन कानस होते. तेलाचा फवारा डिस्कच्या जवळही नेऊ नये. रोटरवर थेंब गेला तर पॅड बदलण्याची वेळ येते.

११ आणि १२ गिअरच्या चेनची झीज ०.५ टक्क्यावर गेली की चेन बदलावी, नाहीतर कॅसेटही सोबत जाते. पॅडवरचं घर्षणद्रव्य अर्ध्या मिलिमीटरवर आलं की पॅड बदलायचे. वाळूच्या रस्त्यांवर पॅड नेहमीपेक्षा लवकर झिजतात, म्हणून आठवड्याला एकदा बॅटरीच्या उजेडात पाहावं. क्लीटचे बोल्ट गंजून त्यांची खोबण झिजते, तेव्हा बसवतानाच त्यांना ग्रीस लावून ठेवावं.

सीटपोस्ट (सीट धरणारी दांडी) फ्रेममध्ये अडकला. काढू कसा?

पिळून, पक्कडीने ओढून नाही. क्लॅम्प पूर्ण सैल करून सांध्यात भेदक तेल सोडावं आणि रात्रभर थांबावं. मग सीटला धरून, सायकल भक्कम टेकवून, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवावं. नुसत्या ओढण्यापेक्षा या हलक्या पिळाने गंजाचा थर तुटतो. फ्रेम कार्बनची असेल तर एवढ्याने न निघाल्यास पुढचं काम कारागिराकडे द्यावं, कारण जोर जास्त झाला तर सीट ट्यूबच फाटते.

निघाल्यावर पोस्ट आणि नळी दोन्ही पुसून कोरडी करावीत. धातूच्या पोस्टला धातूच्या फ्रेममध्ये ग्रीस, आणि दोन्हींपैकी एक जरी कार्बन असेल तर कार्बनची खरखरीत पेस्ट. काढण्याआधी सीटच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण केलेली असावी. क्लॅम्पवर छापलेला आकडा, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) पाळावा. किनाऱ्याजवळ सायकल चालवत असाल तर पोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बाहेर काढून पुसून परत बसवावा.